धामण पिंपात नको, बांधावर हवी

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. घनसावंगी तालुक्यातल्या या शिवारात काय, किंवा आपल्या कोणत्याही गावात काय, सुगीचे धान्य घरात आले की मागोमाग उंदीर आलेच. मग कोणीतरी सुचवतो, "एखादी धामण धरून पेटीत पाळा, उंदीर आले की सोडा."

हा तोडगा ऐकायला बरा, पण कामाचा नाही. धामण बिनविषारी आहे. ती सात फुटांहूनही लांब वाढते, दिवसा हिंडते आणि झाडावर सरसर चढते. मांजराला शिरता येत नाही अशा बिळात ती शिरते आणि उंदीर पिल्लांसकट फस्त करते. हीच धामण कोंडली की जाळीवर तोंड आपटते, नाक सोलवटून घेते. घाबरलेली धामण समोर उंदीर असूनही खात नाही. तिला चढायला फांद्या, लपायला आडोसा, ऊन, सावली आणि पाणी लागते. पुण्यात कात्रजला १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. साप सांभाळणे हे अशा जाणत्या संस्थांचे काम आहे, घरच्या पिंपाचे नव्हे.

शिवाय कायदाही आड येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ती पहिल्या अनुसूचीत आली. तिला धरणे, पाळणे किंवा मारणे गुन्हा आहे.

धामण गाईचे पाय बांधून दूध पिते, शेपटीने दंश करते, ही ऐकीव गोष्ट. सापाच्या तोंडाची घडण दूध ओढण्याची नाही आणि शेपटीत विष नसते. पीळ घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी म्हणजे बहुधा झुंजणारे दोन नर असतात.

मग करायचे काय? बांधावरची झाडेझुडपे राखा. बागेवरची फाटकी जाळी गुंडाळून ठेवा, तीत साप अडकून मरतात. विषारी गोळ्या जपून वापरा. विष खाल्लेला उंदीर गिळला तर धामणीलाही बाधते. घराजवळ मात्र अडगळ नको, दाराखालची फट बुजवा.

साप घरात आला तर धामणच असेल असे धरून हात घालू नका; नागाशी गल्लत होते. पोराबाळांना दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. कोणताही साप चावला तरी आधी सरकारी दवाखाना गाठा.

धामण पाळायचीच असेल, तर शिवारात पाळा. तिला ना दाणा लागतो, ना वैरण.