गुळांबा टिकतो कशानें?

चैत्र-वैशाखांत घरोघर कैऱ्या येतात आणि गुळांब्याचा बेत ठरतो. पण आषाढांत बरणी उघडावी तों वर बुरशी दिसावी, असाही अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळीं दोष कैरीला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा पाकाचा असतो.

बुरशीस वाढावयास पाणी लागतें. गुळांतील साखर तें पाणी धरून ठेवते. गुळांब्यांत साखरेचें प्रमाण शेकडा 65 च्या वर गेलें, म्हणजे बुरशीच्या वांट्यास पुरेसें पाणी उरत नाहीं. यास्तव 1 किलो किसास सव्वा किलो गूळ घ्यावा. कीस प्रथम वाफवून मऊ करावा. गूळ आधीं पडल्यास तो कडक राहतो. मग गूळ घालून मंद आंचेवर ढवळीत शिजवावा. पाक एकतारी होतांच वेलदोड्याची पूड घालून भांडें उतरावें. निवल्यावर गुळांबा आणखी घट्ट होतो.

भांडें बिनकल्हईच्या तांब्यापितळेचें मात्र नसावें. कैरीच्या आंबटपणानें तांबें विरघळून अन्नांत उतरतें आणि तें अपायकारक असतें.

बरणी उन्हांत कडकडीत वाळवावी व चमचा नेहमीं कोरडा असावा. एका ओल्या चमच्यानें वरचा पाक पातळ होतो आणि बुरशीस तेवढी जागा पुरते. ती आल्यास वरचा थर काढून उरलेला गुळांबा मुलांच्या पानांत वाढूं नये. तो टाकून देणेंच शहाणपणाचें.