शंभर खुर्च्या, अठरा मिनिटं

सहाशे खुर्च्यांचं सभागृह, आणि मागच्या पाचशेंना सुतळी बांधलेली. पुण्याजवळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात टेडएक्सच्या आदल्या संध्याकाळी हे पाहिलं तेव्हा वाटलं, तिकिटं खपली नसावीत. तसं नव्हतं. ज्याच्या नावावर परवाना आहे तो टेडच्या मूळ परिषदेला जाऊन आलेला नसेल, तर श्रोते शंभरच, असा नियम. डायरेक्टरसाहेबांनी पाहुण्यांसाठी ‘फक्त दोन रांगा’ मागून पाहिल्या म्हणे. आयोजक मुलं बधली नाहीत.

टेड ही भाषणांची परिषद कॅलिफोर्नियात 1984 साली सुरू झाली. 2009 पासून कुणालाही आपल्या गावात, कॉलेजात ती भरवण्याचा परवाना मिळू लागला. तोच हा ‘एक्स’. परवाना फुकट, पण अटी लग्नाच्या याद्यांच्या बैठकीपेक्षा कडक. भाषण अठरा मिनिटांच्या आत. प्रचार नको, मालाची जाहिरात नको. नफा कमवायचा नाही. आणि वक्त्याला मानधन द्यायचं नाही.

ही शेवटची अट बिझनेस स्कूलमध्ये खरी रंगते. दोन वर्षं ज्यांना प्रत्येक गोष्टीची किंमत काढायला शिकवतात, त्यांनी इथे नामवंतांना आणायचं ते नुसत्या चिकाटीवर. स्पीकर टीममधल्या मुलीच्या यादीत नावांपुढे शेरे होते: ‘पीएला विचारा’, ‘दिवाळीनंतर’, ‘पुन्हा फोन नको’. एका बिल्डरला पैशांच्या बदल्यात मंचावर फलक हवा होता. “काका, मंचावर नाही चालत, चहाच्या टेबलापाशी मोठ्ठा लावतो,” असं म्हणत एका पोराने त्यांना अर्धा तास घोळात घेतलं. कोणत्याही केस स्टडीपेक्षा हा अर्धा तास मोलाचा.

ड्राय रनला तर मी हातातला चहा विसरलो. साठीचे एक उद्योजक मन लावून बोलत होते. बावीस वर्षांची क्युरेटर म्हणाली, “सर, तुमचं बालपणच सात मिनिटं चाललंय.” सर लाल झाले, पाणी प्यायले, आणि शाळा गाळून थेट कारखान्यात आले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या पुण्यात हे घडत होतं, जिथे अध्यक्षांच्या समारोपालाही अठरा मिनिटं पुरत नाहीत!

भाषणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी आपटायचं, शेवटच्या तीन मिनिटांत उठायचं, हा साचा आता श्रोत्यांनाही पाठ आहे. एका बाईंनी मात्र न उठताच भाषण संपवलं. तेवढंच लक्षात राहिलं.

रात्री जिन्यात बसून खजिनदार हिशेब जुळवत होता. मंचावर लागतो तो लाल गोल गालिचा मांडववाल्याकडून आणलेला. त्याच्याकडे चौकोनीच होता, म्हणून कुणीतरी कात्रीने गोल केला. वहीत शेवटची नोंद होती: ‘गालिचा डिपॉझिट – बुडालं.’