मोकळ्या कुरणाचा धनी

कॉनराड कोर्सची गोष्ट सहसा सोन्यापासून सांगतात. मला ती मटणाच्या दुकानापासून सांगावीशी वाटते. डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील होल्स्टाइनमध्ये १८३५ साली जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात जहाजावर गेला. कॅलिफोर्नियात सोनं शोधून १८६२मध्ये तो मोंटानात पोचला आणि बॅनक या खाणवस्तीत खाटकाकडे कामाला राहिला. मालक हँक क्रॉफर्डने वैरी हेन्री प्लमरवर गोळी झाडली आणि गाव सोडलं. दुकान कोर्सकडे आलं. सोनं लागो न लागो, खाणीतल्या माणसाला जेवावं लागतंच. कोर्सच्या धंद्याचा पाया तिथे पडला.

दुकानाला गुरं हवीत, म्हणून १८६६मध्ये त्याने डिअर लॉज खोऱ्यातलं जॉनी ग्रँटचं रँच १९,२०० डॉलरना विकत घेतलं. ग्रँटने आपला कळप ऑरेगनच्या वाटेवर जमवला होता: प्रवाशांची थकलेली दोन गुरं घ्यायची, धष्टपुष्ट एक द्यायचं. कोर्स आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन बिलेनबर्ग यांनी पुढे हा व्यवसाय मोंटानाभर पसरवला. त्यांची बहुतेक गुरं चरत ती जमीन मात्र त्यांची नव्हती, सरकारची होती. आपल्याकडच्या गायरानासारखी, पण हद्द न आखलेली.

ते गवत आयतं मोकळं झालं नव्हतं. १८८३च्या सुमारास तिथले बायसन जवळजवळ संपले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्यावर जगणारे ब्लॅकफीट आदिवासी शेकड्यांनी उपाशी मेले. कोर्सच्या कर्तबगारीचं मला मनापासून कौतुक आहे, तरी या मृत्यूंशिवाय त्याच्या भरभराटीचा हिशेब अपुरा राहतो.

त्याचं राजकारणही याच कुरणातून आलं. १८८४मध्ये पशुपालकांच्या टोळीने घोडेचोर समजून अनेकांना खटल्याविना मारलं. टोळीचा पुढारी ग्रॅनव्हिल स्टुअर्ट हा कोर्सचा भागीदार. पुढच्याच वर्षी कोर्स प्रादेशिक विधिमंडळात होता, आणि त्याच वर्षी गुरांच्या रक्षणासाठी सरकारी मंडळ स्थापन झालं. फासाच्या दोराचं काम कायद्याकडे आलं, हे चांगलंच झालं. पण कायदा लिहिणारे आणि कळप बाळगणारे बऱ्याच अंशी तेच होते.

मग १८८६-८७चा हिवाळा आला. आधीच्या उन्हाळ्यात गवत करपलेलं, वर बर्फाचा कडक थर. मोंटानातली निम्म्याहून अधिक गुरं दगावली असं मानतात. स्टुअर्टला हा धंदाच नकोसा झाला. कोर्सला मात्र ब्यूटच्या ए. जे. डेव्हिस या सावकाराने तारणाशिवाय एक लाख डॉलर दिले आणि त्याने ते फेडले. त्याला मतं मिळवून देणारी पत हीच असावी असं मला वाटतं. त्या हिवाळ्यानंतर पशुपालकांना मोकळ्या चराईवरचा भरवसा कमी करून वैरण, कुंपण आणि पाटाचं पाणी यांकडे वळणं भाग पडलं.

१८८९मध्ये मोंटाना राज्य होताना हेलेनात राज्यघटना लिहिणाऱ्या ७५ प्रतिनिधींत तो होता. पुढे राज्याच्या सिनेटमध्येही बसला. मधल्या काळात, १९०१ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकणारा एकुलता मुलगा विल्यम गेला. त्याच्या नावाने आईवडिलांनी डिअर लॉजला ग्रंथालय बांधून दिलं.

१९०९च्या कायद्याने कोरडवाहू प्रदेशात शेतकरी कुटुंबाला ३२० एकर जमीन मिळू लागली. रेल्वेने आलेल्या या कुटुंबांनी कुरणं नांगरली, तारा ओढल्या. कोर्स आणि बिलेनबर्ग यांनी कळप आणि बरीचशी जमीन विकून टाकली. १९२०मध्ये कोर्स वारला तेव्हा मूळ घराभोवती सुमारे हजार एकर उरले होते. पुढे नातू कॉनराड वॉरनने तिथे जातिवंत हेरफर्ड गुरं वाढवली, आणि १९७२पासून ते रँच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.