शंभरातले किती?

जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातून एक बातमी आली आणि बघता बघता घराघरांतल्या मोबाइलवर फिरू लागली : कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे पेशंट बरे झाले. बातमी खोटी नव्हती. गुदाशयाचा कॅन्सर झालेल्या १२ जणांना डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने, दर तीन आठवड्यांनी दिलं गेलं. त्यानंतरच्या तपासण्यांत एकाचीही गाठ दिसली नाही. ऑपरेशन नाही, शेक (रेडिएशन) नाही, किमो नाही. पुढे रुग्णांची संख्या वाढली, तरी गुदाशयाच्या रुग्णांत निकाल तसाच राहिला. २०२५ मध्ये उपचार पूर्ण केलेल्या अशा ४९ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. गाठ सगळ्यांचीच नाहीशी झाली होती.

बातमीतून गळली ती अट. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी मागोमाग काम करते. या सगळ्यांच्या गाठींमध्ये ही यंत्रणाच बंद पडली होती. अशा गाठीत चुका इतक्या साचतात, की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखू शकते. औषध त्या प्रतिकारशक्तीला मोकळीक देतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहा. उरलेल्या नव्वद-पंच्याण्णवांना हे औषध असं काम करत नाही. ते शंभरातले पाच-दहा कोण, हे बायोप्सीच्या तुकड्यावरच्या ‘एमएमआर’ चाचणीत कळतं आणि ती चाचणी आपल्याकडे होते. म्हणून त्या बातमीतून रुग्णाने उचलायची गोष्ट एवढीच होती : माझ्या गाठीची एमएमआर चाचणी झाली आहे का?

संशोधन समजावून सांगणं म्हणजे हेच, असं माझं ठाम मत आहे. औषधाचं नाव कळून काही उपयोग नाही. हा निकाल कोणाबद्दल आहे, कशाशी तुलना करून काढला आणि माझ्यासारख्या शंभरांत किती जणांना फायदा झाला, हे कळलं पाहिजे.

तुलनेचं महत्त्व स्तनाच्या कॅन्सरने जगाला शिकवलं, आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेलं ऑपरेशन स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकी. जितकं जास्त कापू तितका रोग दूर, या समजुतीवर कित्येक दशकं गेली. ती तपासून पाहायचं धाडस अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७०च्या दशकात केलं. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ किंवा तेवढा भाग काढून शेक दिला. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरने नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २००२ मध्ये दोघांचे वीस वर्षांचे निकाल एकाच वेळी आले : जगण्याचं प्रमाण सारखंच. मात्र फिशर यांच्या पाहणीतल्या तिसऱ्या गटात, ज्यांची गाठ काढली पण शेक दिला नाही, त्यांच्यापैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. शेक दिलेल्यांत १४ टक्के. त्यामुळे स्तन वाचवला आणि ‘लाईट’ अर्धवट सोडून गावी परतलो, असं करून चालत नाही.

तुलना न करता घाई केली तर काय होतं, तेही याच रोगात दिसलं. १९९०च्या दशकात अतितीव्र किमो आणि जोडीला बोन मॅरोचं रोपण, हा उपचार अमेरिकेत हजारो स्त्रियांनी घेतला. आशा मोठी होती, मागणीही. १९९९ मध्ये तुलनात्मक चाचण्यांचे निकाल आले तेव्हा ठळक फायदा दाखवणारी चाचणी दक्षिण आफ्रिकेतली तेवढी होती, आणि पुढल्याच वर्षी तिच्यात खोटेपणा असल्याचं चौकशीत उघड झालं. नवं आणि जहाल ते चांगलं, हा समज आपल्या घरांतही आहे. खर्च करायची तयारी असलेले नातेवाईक डॉक्टरांना ‘सगळ्यात स्ट्राँग द्या’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मायेबद्दल शंका नसते. पण ही मागणी पुराव्यावर उभी नसते.

आता परळचं बघा. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली, देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधी गोष्ट पाहिली गेली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं नेहमीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. खर्च शंभर रुपयांच्या आसपास. निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. पाच वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्या स्त्रिया इंजेक्शन न घेतलेल्यांत शंभरात ८२.६, घेतलेल्यांत ८६.६. हेच ‘धोका २६ टक्क्यांनी घटला’ असंही सांगता येतं. दोन्ही खरं आहे. पण रुग्णाला कळतं ते पहिलं : शंभर जणींमागे चार जणी जास्त. शंभर रुपयांच्या इंजेक्शनसाठी चार जणी फार मोठी गोष्ट आहे. लाखो रुपयांच्या आणि वर्षभराच्या त्रासाच्या औषधासाठी चार जणी असतील, तर विचार करून ठरवावं लागेल. आकडा तोच राहिला तरी निर्णय वेगळा होऊ शकतो, आणि तो घेण्याचा हक्क जिच्या शरीरावर उपचार होणार तिचा आहे.

टाटाच्याच आणखी एका चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. रोग आधीच शरीरभर पसरलेल्या ३५० स्त्रियांत स्तनातली गाठ काढून आयुष्य वाढतं का, हे पाहिलं. वाढत नाही, असं उत्तर मिळालं. ‘गाठ काढूनच टाका’ हा आग्रह घरोघरी असतो. त्याला हे मुंबईतच मिळालेलं उत्तर आहे.

शेकाबद्दलही मोठी सुधारणा झाली आहे. पूर्वी पाच आठवडे, मग तीन आठवडे. ब्रिटनमध्ये ४,०९६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सुरुवातीच्या टप्प्यात फक्त स्तनाला किंवा छातीला शेक द्यायचा असेल तर एका आठवड्यातले पाच डोस तीन आठवड्यांइतकेच परिणामकारक ठरले. दादरच्या धर्मशाळेत राहून उपचार घेणाऱ्या, गावी मुलं आणि गुरं शेजाऱ्यांवर सोपवून आलेल्या बाईसाठी हे दोन आठवडे किती मोलाचे! काखेलाही शेक लागणार असेल तर हिशेब बदलतो, म्हणून ‘माझं किती दिवसांत होईल?’ हे विचारावंच.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असाच दिलासा २०१८ मध्ये मिळाला. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचला असेल तर, ऑपरेशननंतर ऑक्सॅलिप्लॅटिनसह सहा महिने किमो देत. या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तो कधी वर्षानुवर्षं राहतो. शिवणकाम करणाऱ्याला सुई धरता येत नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत. सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सौम्य नसलेला असा त्रास सहा महिने घेणाऱ्यांत शंभरात ४५ ते ४८ जणांना झाला, तीन महिने घेणाऱ्यांत १४ ते १७ जणांना. कमी धोक्याच्या गटात, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही जोडी असेल, तर तीन महिने पुरतात असं दिसलं. जास्त धोक्याच्या गटात तसं खात्रीने म्हणता आलं नाही. तुम्ही कोणत्या गटात, हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून ठरतं. फाईलमधला तो कागद डॉक्टरांकडून समजून घ्या.

२०२५ मध्ये आलेला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह नियमित व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले शंभरात ९० हयात होते, दुसऱ्या गटातले ८३. आपल्याकडे मात्र उपचार संपले की रुग्णाला ‘आता आराम कर’ म्हणून खाटेवर बसवतात.

आणि इथे घरच्यांशी थोडं बोलायचं आहे. ‘तिला काही सांगू नका, ती खचेल,’ असं बाहेरच्या बाकावर नवरा, मुलगा, दीर डॉक्टरांना विनवतात. मग संशोधन समजावायचं कोणाला? पाच दिवस की पंधरा, तीन महिने की सहा, स्तन ठेवायचा की काढायचा, यातली एकही गोष्ट तिच्याशिवाय ठरवता येत नाही. ती नव्या चाचणीत सहभागी होणार असेल, तर संमतिपत्र तिला कळणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, ती केव्हाही बाहेर पडू शकते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा २०१९च्या नियमांनी दिलेला हक्क आहे. भारतातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदणी सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. तेव्हा पुढच्या तारखेला जाताना फाईल तिच्या हातात द्या, खुर्चीवर तिला बसवा, आणि पहिला प्रश्न तिलाच विचारू द्या.