शंखातील पाणी
लेखांक ४ : जमिनीवरील संन्यासी खेकड्याची डबकी आणि अंघोळ

जमिनीवर राहणारा संन्यासी खेकडा पाणी पितो, पाण्यात उतरतो आणि पाणी बरोबर घेऊन हिंडतो. यांपैकी तिसरी गोष्ट पाळणाऱ्याला दिसत नाही, पण खेकड्याचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो. शंखाच्या आतल्या वेटोळ्यांत तो थोडे पाणी साठवून ठेवतो. त्याचे मऊ, कवच नसलेले पोट त्या पाण्याने ओले राहते, आणि अंगातले पाणी व क्षार कमी पडले तर त्याच साठ्यातून भरून निघतात. पेटीत ठेवलेले डबके म्हणजे हा साठा बदलण्याची जागा. डबके किती खोल असावे, त्यात कोणते पाणी घालावे, ते कधी बदलावे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे शंखातल्या या थोड्याशा पाण्याकडे पाहूनच द्यावी लागतात.

‘सीनोबिटा’ वंशातील या खेकड्यांचे पूर्वज समुद्रातले. जमिनीवरच्या आयुष्यात त्यांचे कल्ले लहान झाले आणि श्वसनाचे बरेचसे काम इतर भागांकडे गेले. कल्ल्यांच्या कप्प्याचे आतले अस्तर रक्तवाहिन्यांनी दाट भरलेले असते आणि ते हवेतला प्राणवायू शोषून घेते. पोटाची पातळ त्वचाही या कामाला हातभार लावते. मात्र हे सारे पृष्ठभाग ओले असतील तोवरच चालतात. त्यामुळे कोरड्या हवेत, भोवती प्राणवायू भरपूर असूनही, हा प्राणी हळूहळू गुदमरतो. आणि ते इतके सावकाश होते की पाळणाऱ्याला तो नुसता सुस्त झाल्यासारखा वाटतो. दुसरीकडे, लहान झालेले कल्ले पाण्याखाली त्याला फार वेळ पुरत नाहीत. वर चढायला वाट नसलेल्या भांड्यात तो बुडून मरू शकतो.

अंघोळ बहुधा रात्री होते. खेकडा डबक्याच्या काठाशी येतो आणि टोकाशी बोथट असलेल्या आखूड शृंगिकांच्या जोडीने पाण्याचा अंदाज घेतो. प्यायचे असेल तर नांग्या पाण्यात बुडवून त्यांवरचे पाणी तोंडाकडे नेतो. अंघोळ करायची असेल तर तो पुरता आत उतरतो, शंख एका अंगावर कलवतो आणि शरीर नेहमीपेक्षा बरेच बाहेर काढतो. शंखातून हवेचे बुडबुडे निघतात, जुने पाणी बाहेर पडते, नवे आत शिरते. शरीर दोन-चार वेळा आतबाहेर झाले की शंखात अडकलेली वाळूही धुऊन निघते. यात पायांच्या शेवटच्या दोन जोड्यांचे काम मोठे आहे. चौथी जोडी आखूड असून शंखाला आतून धरून ठेवते. पाचवी अगदी बारीक. कल्ल्यांच्या कप्प्यात जाऊन तिथली घाण काढणे हे तिचे नेमलेले काम. बाहेर आलेला खेकडा शंख किंचित हलवून जास्तीचे पाणी सांडतो आणि हवे तेवढेच ठेवतो.

हे पाणी बदलावे लागते, कारण ते लवकर दूषित होते. उत्सर्जक ग्रंथींची तोंडे शृंगिकांच्या बुडाशी असतात आणि तिथले मूत्र कल्ल्यांच्या कप्प्याकडे वळवता येते. सीनोबिटाच्या काही जाती आणि त्यांचा महाकाय नातलग नारळखेकडा हे मूत्रातले क्षार या वाटेने परत मिळवतात, असे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना आढळले आहे. क्षारांच्या बाबतीत इतकी काटकसर करणाऱ्या प्राण्यासमोर एकाच प्रकारचे पाणी ठेवणे अन्यायाचे आहे.

म्हणून डबकी दोन हवीत : एक गोड्या पाण्याचे, एक समुद्राच्या खारटपणाचे. वॉरन ग्रॉस आणि हॉलंड यांनी १९६० साली ‘सीनोबिटा पर्लाटस’ या तांबड्या जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोडे आणि खारे असे दोन्ही पाणी मिळाले, तर हा खेकडा त्यांतून निवड करून आपल्या अंगातील क्षारांचे प्रमाण राखतो, हे त्यातून पुढे आले. जातीजातींत फरक आहे. पर्लाटस किनाऱ्याला धरून राहतो आणि समुद्राच्या पाण्यावाचून त्याचे चालत नाही. ‘ब्रेव्हिमॅनस’ आत झाडीत राहतो आणि मुख्यतः गोड्या पाण्यावर भागवतो. बाकीच्या जाती कमीअधिक प्रमाणात दोन्ही वापरतात. आज किती खारे पाणी लागेल हे खेकड्याचे शेवटचे खाणे, हवेतला दमटपणा आणि कात टाकण्याची वेळ यांवर ठरते. ते बाहेरून मोजता येत नाही. दोन्ही पाणी समोर असले की खेकडा ते स्वतः ठरवतो.

खाऱ्या डबक्यात स्वयंपाकघरातले मीठ घालण्याची चूक सर्रास होते. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम आणि सोडियम पावणेअकरा ग्रॅम. उरलेल्यात सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियम ०.४ ग्रॅम. खेकड्याला या शेवटच्या मंडळींचीच निकड असते, विशेषतः कॅल्शियमची, कारण कात टाकल्यावर नवे कवच त्यातूनच घट्ट होते. ‘खडे मीठ तर थेट समुद्राचेच’ असेही अनेकांना वाटते. परंतु मिठागरात काय घडते ते पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. गोकर्णजवळच्या साणीकट्ट्याचे आगर असो की कोकणातले, पाणी आटत जाताना कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्समच्या रूपाने आधीच तळाशी बसतो. मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ज्यात उरले आहेत ते कडू पाणी काढून टाकले जाते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. तेव्हा समुद्री माशांच्या पेटीसाठी मिळणारे तयार समुद्री क्षारमिश्रणच वापरावे : एक लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२२ ते १.०२६ च्या दरम्यान दिसले म्हणजे पाणी जमले.

यानंतर प्रश्न येतो मुळातल्या पाण्याचा, आणि तो शहरागणिक बदलतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, आणि दोन्ही किनारे तिथून शेकडो किलोमीटर दूर. शहराचे मुख्य पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीतून येते. तोरेकाडनहळ्ळीला ते शुद्ध होते, तिथून टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते, आणि जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन घातलेला असतो. माणसाला निरुपद्रवी असलेला हा क्लोरीन ओल्या, उघड्या कल्ल्यांना झोंबतो. पसरट भांड्यात पाणी रात्रभर उघडे ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. क्लोरीनचे अमोनियाशी बनलेले संयुग, म्हणजे क्लोरामिन, मात्र असे जात नाही. त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब लागतात. नळाच्या पाण्यात नेमके काय आहे हे माहीत नसेल, तर थेंब घालणेच शहाणपणाचे.

शहराच्या कडेच्या वसाहतींत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी असते. ते बहुधा जड असते, आणि जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचाच असल्याने तेवढ्याने खेकड्याचे बिघडत नाही. अडचण होते ती मोठ्या गृहसंकुलांतल्या पाणी मऊ करणाऱ्या यंत्रांमुळे. ही यंत्रे कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतात. गोड्या डबक्यासाठी असे पाणी टाळावे. आरओ यंत्राचे पाणी दोन्ही डबक्यांना चालते. निसर्गात हे खेकडे दव आणि पावसाचे पाणी पितात, त्यातही क्षार नसल्यासारखेच असतात. आणि खाऱ्या डबक्यात लागणारे सगळे क्षार मिश्रणातून येतातच. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला तीव्र पाणीटंचाई झाली आणि गाड्या धुणे, बागेला पाणी घालणे अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. तशा दिवसांतही दोन डबक्यांना लागणारे दोन-चार लिटर पाणी जड नसते. बदललेले गोडे पाणी कुंडीला घालता येते. खारे मात्र झाडाला कधीच घालू नये.

हवेचा विचार पाण्यापासून वेगळा करता येत नाही. या खेकड्यांना ७५ ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २५ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पावसाळ्यातल्या सकाळी बंगळूरची हवा आपसूकच ८० टक्क्यांच्या वर असते. मार्चच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५-१६ अंशांवर येतो. त्यामुळे जाळीदार पिंजरा इथे निरुपयोगी आहे. काचेची पेटी, तिला घट्ट झाकण आणि आत आर्द्रतामापक एवढे हवेच. झाकलेल्या पेटीत डबक्यांतली वाफच हवा दमट ठेवते. म्हणजे उघड्या पाण्याचा पसारा हा पेटीच्या हवामानाचा भाग होतो. थंडीत पेटीच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर, उष्णता देणारे पॅड लावतात. खालून तापवल्यास वाळूत पुरून घेतलेला खेकडा भाजतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. खाऱ्या डबक्याची पातळी उतरली म्हणून पुन्हा खारेच पाणी घातले, तर खारटपणा वाढतच जातो. अशा वेळी वर घालायचे ते गोडे पाणी. संपूर्ण पाणी बदलताना मात्र नवे मिश्रण करावे.

डबक्याची खोली पेटीतल्या सर्वांत मोठ्या खेकड्याचा शंख बुडेल इतकी असावी. उथळ बशीत तो पाणी पिऊ शकतो, शंख धुऊ शकत नाही. खोलीबरोबर चढण आलीच : खडबडीत दगड, प्लास्टिकची जाळी किंवा पायऱ्या, अशा की सर्वांत लहान खेकडाही सहज वर यावा. गुळगुळीत चिनीमातीवर पाय घसरतात. भांडे काचेचे, प्लास्टिकचे किंवा चकाकी नसलेल्या दगडाचे चालते. तांब्या-पितळेचे भांडे मात्र चुकूनही वापरू नये. आपल्याकडे तांब्यातले पाणी आरोग्याला चांगले मानतात. कवचधारी प्राण्यांना तांबे विषारी आहे, आणि खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने विरघळते. माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधेही याच कारणाने या पेटीपासून दूर ठेवावीत. डबक्यात स्पंज ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्यात जंतू साठतात आणि उपयोग काही नाही.

फिल्टर नसेल तर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे; विष्ठा किंवा अन्न पडलेले दिसले तर त्याच दिवशी. डबके वाळूत गाडताना त्याभोवती पाणी झिरपत नाही ना, हे पाहत राहावे. वाळू आणि नारळाचा भुसा यांचे मिश्रण मुठीत दाबल्यावर आकार धरेल इतके ओले हवे. तळाशी पाणी साचले तर तिथे पुरून कात टाकत असलेला खेकडा बुडतो, आणि पाळणाऱ्याला ते आठवडे लोटले तरी कळत नाही. कात टाकण्याची हकिकत पुढच्या लेखांकात सविस्तर येईल.

खेकड्याला धरून कोमट पाण्यात बुचकळण्याची शिफारस जुन्या माहितीपत्रकांत आढळे. ती पाळू नये. अशा सक्तीच्या अंघोळीत खेकड्याने आपल्या गरजेप्रमाणे जमवलेले शंखातले पाणी वाहून जाते आणि त्याच्या जागी त्याने न निवडलेले पाणी भरते. भेदरलेला प्राणी अंग शंखात आत ओढून घेतो, म्हणजे ज्या स्वच्छतेसाठी हा खटाटोप केला तीही होत नाही. अंगावर माती दिसली तरी ती काढायची गरज नसते. खेकडा दिवसेंदिवस डबक्यातच बसून राहू लागला तर त्याला धुण्याऐवजी आर्द्रता, तापमान आणि पाण्यातला क्लोरीन तपासावा.

कारवार, मालवण किंवा गोव्याच्या खडकांवर ओहोटीच्या डबक्यांत दिसणारे शंखवासी खेकडे ‘क्लिबॅनेरियस’, ‘डायोजिनीस’ अशा समुद्री वंशांतले असतात. त्यांना पूर्ण समुद्रजलच लागते. सहलीहून परतताना पिशवीतून बंगळूरला आणलेला असा खेकडा वाळूच्या पेटीत जगत नाही, मग डबकी कितीही नीट असोत.

जमिनीवरच्या जातींनाही शेवटी समुद्र सुटत नाही. मादी अंडी पोटाखाली वागवते आणि ती पक्व झाली की पाण्याच्या काठाशी येऊन सोडते. पेटीतल्या खाऱ्या डबक्यातही कधी हे घडते. अंड्यांतून निघणारे डिंभक पाण्यावर तरंगतात, सूक्ष्म जीव खातात, कित्येक आठवडे अनेक अवस्थांतून जातात आणि मगच इवलासा शंख शोधून किनाऱ्यावर चढतात. शांत, लहान डबक्यात त्यांना अन्न मिळत नाही, आणि ते काही दिवसांत मरतात. त्यांना वाढवायला खेळत्या समुद्रजलाची वेगळी व्यवस्था आणि अहोरात्र देखरेख लागते. जगभरात ते फार थोड्यांना साधले आहे. विक्रीला येणारे संन्यासी खेकडे म्हणूनच जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून उचललेले असतात. जपानने १९७० साली जमिनीवरील संन्यासी खेकड्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा देऊन त्यांच्या पकडीवर बंधने घातली. भारतात अंदमान-निकोबारमधील नारळखेकड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा ठरतो.