जंतूंचें बाह्य कवच

जालना जिल्ह्यांत मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला कीं, तुरीच्या आणि सोयाबीनच्या पेरणीची घाई उडते. याच जिल्ह्यांतील बदनापूर येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. बीडीएन ७११ हा तुरीचा वाण तेथलाच. नांवांतील अक्षरें बदनापूरचींच आहेत. पेरणीपूर्वीं बियाण्यावर गुळाचें पाणी शिंपडून त्यास रायझोबियम जातीच्या जंतूंची काळसर भुकटी चोळण्याची शिफारस आहे. साधारण १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमची एक पुडी पुरते. बीं सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावयाचें असतें. बुरशीनाशक लावावयाचें झाल्यास तें आधीं लावावें, जंतु शेवटीं.

पुढें एखादें रोप हलक्या हातानें उपटलें, तर मुळांवर बारीक गांठी दिसतात. गांठ नखानें फोडतांच आंत गुलाबी रंग दिसला, म्हणजे आंतील जंतु हवेंतील नत्र बांधून पिकास देत आहेत असें समजावें. पण वनस्पति कांहीं भोळी नसते. मुळांत शिरूं पाहणाऱ्या परक्या जंतूस ती एरवीं मारून टाकते. मग या पाहुण्यास आंत वाट मिळते कशी? याच्या उत्तराचा मोठा भाग जंतूच्या अंगावरील कवचांत आहे.

१८८४ सालीं हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश वैद्यानें जंतूंस जांभळा रंग देऊन तो मद्यार्कानें धुण्याची युक्ति काढली. कांहीं जंतूंचा रंग टिकला, कांहींचा गेला. ज्यांचा गेला, त्यांची भिंत फार पातळ असते. पण त्या भिंतीबाहेर त्यांना आणखी एक पटल असतें. रायझोबियम या दुसऱ्या वर्गांतला.

हें बाह्य पटल दुपदरी आहे, मात्र त्याचे दोन्ही पदर सारखे नाहींत. आंतला पदर फॉस्फोलिपिड या साध्या स्निग्ध द्रव्याचा, बाहेरचा लायपोपॉलिसॅकराइडचा. या लांबलचक नांवाच्या रेणूचें एक टोंक स्निग्ध असून पटलांत रुतलेलें असतें, आणि दुसऱ्या टोंकाची शर्करेची सांखळी बाहेर लोंबते. शेजारशेजारच्या रेणूंना कॅल्शियम व मॅग्नेशियम सांधून धरतात, त्यामुळें पदर घट्ट विणला जातो. अन्नासाठीं त्यांत पिंपाच्या आकाराच्या प्रथिनांचीं दारें असतात. त्यांतून लहान रेणु जातात, मोठे अडतात. घेवड्यावरील प्रयोगांत असें दिसून आलें कीं, बाहेरची शर्करासांखळी गमावलेला रायझोबियम मुळाशीं येतो, गांठीची सुरुवातही करवितो, पण आंत नीट शिरूं शकत नाहीं. गांठ अर्धवट राहते आणि नत्र कांहीं मिळत नाहीं.

खरें नवल या कवचाच्या उभारणींत आहे. सर्व साहित्य पेशींत तयार होतें, आणि बांधकाम मात्र दोन पटलांमधील पाणथळ पोकळीच्या पलीकडे. त्या पोकळींत एटीपी हें पेशींचें इंधन मुळींच नसतें. स्निग्ध द्रव्य पाण्यांतून नेणें म्हणजे तेलाचा थेंब ओल्या हातावरून न सांडतां पोंचविण्यासारखेंच! लायपोपॉलिसॅकराइडसाठीं जंतूनें सात प्रथिनांचा एक पूलच बांधलेला आहे. इंधन पुलाच्या आंतल्या टोंकाशीं जळतें; तेथें मागून एक रेणु सारला कीं पुढचे सगळे सरकतात, जसें चरकांत मागचें कांडें रेटल्यावर पुढचें आपोआप जातें. दारांच्या प्रथिनांची तऱ्हा निराळी. तीं सुतासारखीं उलगडलेलीं बाहेर येतात; वाटेंत गुंता होऊं नये म्हणून त्यांना सांभाळणारे सोबती असतात, आणि पलीकडे बॅम नांवाचें यंत्र त्यांची घडी घालून त्यांस पटलांत बसवितें. या यंत्राचा मुख्य भाग २००३ सालीं उजेडांत आला. हें इतकें उशिरां कळावें, याचें आश्चर्य वाटतें. कारण ज्या कवचानें औषधांना इतकीं वर्षें दाद दिली नाहीं, तें बनतें कसें हाच प्रश्न मागें पडला होता.

औषधांचा उल्लेख सहज आलेला नाहीं. ज्या घडणीच्या कवचामुळें रायझोबियम तुरीच्या मुळांत नांदतो, त्याच घडणीचें कवच विषमज्वराच्या, पटकीच्या आणि प्लेगच्या जंतूंनाही आहे. व्हँकोमायसिनसारखें अवजड औषध त्या दारांतून जातच नाहीं. कोलिस्टिन हें जुनें औषध मात्र थेट बाहेरच्या पदराच्या स्निग्ध टोंकास चिकटून कवच फाडतें, म्हणून इतर औषधें हरल्यावर वैद्य त्याच्याकडे वळतात. तेंच कोंबड्यांच्या खाद्यांतही मिसळलें जात असे. २०१५ सालीं चीनमध्यें असें आढळलें कीं, हें स्निग्ध टोंक बदलून कोलिस्टिनला चकविण्याची विद्या एक जंतु दुसऱ्यास देऊं शकतो. भारत सरकारनें २०१९ सालीं खाद्यप्राण्यांसाठीं कोलिस्टिनची विक्री व वापर बंद केला.

आतां संशोधकांनीं कवच फोडण्याचा नाद सोडून तें बांधूंच न देण्याची वाट धरली आहे. २०१९ सालीं डॅरोबॅक्टिन हें द्रव्य सांपडलें. तें बॅम यंत्र अडवितें. मौज अशी कीं, तें बनविणारा जंतु स्वतः मातींतील सूत्रकृमींच्या पोटांत राहतो. २०२४ सालीं झोसुराबाल्पिन या औषधाची माहिती प्रसिद्ध झाली. तें सात प्रथिनांच्या पुलावरच वाहतूक थांबवितें, आणि इस्पितळांत धुमाकूळ घालणाऱ्या असिनेटोबॅक्टर या जंतूवर त्याचा रोख आहे. त्या जंतूची शर्करासांखळी रायझोबियमहून वेगळी, पण ती बाहेर पोंचविणारा पूल दोघांचाही एकाच नमुन्याचा आहे.