विनावेतन नावाडी आणि त्याच्या पात्रतेचे नियम

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव बाहेरच्यांना रांगोळीच्या कलेमुळे आणि चंडिकादेवीच्या डोंगरामुळे परिचित आहे. गावाच्या परिसरातील मिठागरे व खाजणे ओलांडून पुढे गेले की वसईची खाडी लागते. उल्हास नदीचे पाणी याच वाटेने समुद्राला मिळते. नायगाव व भाईंदर यांच्या दरम्यान, या खाडीच्या मुखाजवळच्या पात्रात पाणजू हे बेट आहे. पश्चिम रेल्वेची गाडी या बेटावरून जाते; तथापि बेटावर स्थानक नाही. तेथील माणसास बाजारहाट, शाळा व दवाखाना या सर्वांसाठी नाव गाठावी लागते. अशा मुलखात नाव चालविणे हा जसा व्यवसाय आहे, तसाच तो शेजारधर्मही आहे. रात्री-अपरात्री आजाऱ्याला पैलतीरी पोहोचविणारा, पुरात अडकलेल्यांना काढणारा, बुडालेल्याचा शोध घेणारा मनुष्य बहुधा मजुरी घेत नाही. नौवहनाचे नियम सुधारावयाचे असता या मनुष्याचे स्थान कोणते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम कायद्याचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात तरी व अंतर्गत नौका यांसंबंधीचा कायदा १८६८ मध्ये झाला. पुढे १९१७ च्या कायद्याने वाफेवर चालणाऱ्या अंतर्गत नौकांची तपासणी, नोंदणी आणि त्यांवरील मास्तर, सारंग, इंजिनिअर व इंजिनचालक यांची प्रमाणपत्रे यांची व्यवस्था लावली. या कायद्याची दृष्टी यंत्राकडे होती. कोणत्या नावेवर कोणत्या दर्जाचा अधिकारी असावा, हे यंत्राच्या अश्वशक्तीवरून ठरे. नावेत माणसे किती बसली आहेत, यावरून नव्हे. वल्ह्याची होडी आणि शिडाचा मचवा अर्थातच या चौकटीबाहेर राहिले. त्या काळी हे स्वाभाविक होते, कारण बाष्पपात्राचा स्फोट हे त्या वेळचे मोठे भय होते. शतकाहून अधिक काळानंतर २०२१ चा अंतर्गत नौका कायदा आला. त्याने राज्याराज्यांतील भिन्न नियमांच्या जागी देशभर ग्राह्य अशी एकच नोंदणी आणली, किमान कर्मचारीसंख्येचे बंधन घातले, प्रशिक्षण व पात्रता यांचे निकष ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे आणि प्रमाणपत्र देण्याचे काम राज्यांकडे सोपविले. यंत्रविरहित नावांचा विचारही त्यात आहे. त्यांच्यासंबंधीची काही कामे राज्यांना स्थानिक संस्थांकडे सोपविता येतात. वसईची खाडी व उल्हास नदी हा पट्टा ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय जलमार्गात मोडतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर दरम्यान वाहने नेणारी मोठी बोटही सुरू झाली. तेव्हा नवा कायदा येथे केवळ पुस्तकी नाही.

या व्यवस्थेत जलक्षेत्राचे विभाग लाटांच्या उंचीवरून पाडले जातात. खुल्या किनाऱ्यालगत व रुंद नद्यांत ही कसोटी योग्यच होय. परंतु वसईच्या खाडीत माणसाला बुडविते ती लाटच असते, असे नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची उंची साडेचार मीटरांच्या वर जाते. ते सारे पाणी सहा तासांत अरुंद पात्रातून परत फिरते आणि रेल्वेपुलांच्या खांबांशी त्याला विलक्षण ओढ येते. रेतीउपशामुळे तळाची खोली बदलते. ओहोटीला चिखलात रुतलेली नाव भरती येईपर्यंत हलत नाही. भांगेच्या दिवशी सोपी असलेली फेरी उधाणाच्या दिवशी अवघड होते, आणि हे ज्याला ठाऊक असते त्याच्याजवळ पुष्कळदा कागद नसतो. कागद असलेल्याला ते ठाऊक असेलच, अशी शाश्वती नाही. प्रश्न खरा अवघड होतो तो येथे.

अपघातांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट नोंदलेल्या कंपनीची होती. दुर्घटनेची वार्ता मुंबईस पोहोचण्यास कित्येक तास लागले. तोवर जी माणसे वाचली, त्यांपैकी अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांच्या होड्यांनी उचलले होते. १३ जानेवारी २०१८ रोजी याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नाव उलटली व तीन मुली दगावल्या. तेथेही मदतीला आधी धावले ते मच्छीमार. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या चाचणीवरील वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी व ६ कर्मचारी एवढाच परवाना असता तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. जवळच्या नौकांनी तत्काळ धाव घेतली म्हणून मृतांचा आकडा वाढला नाही. जाकिटाची सक्ती त्यानंतर झाली. जाकीट नावेत असणे आणि ते अंगावर असणे या दोहोंतील अंतर ओळखण्यास पंधरा जीव जावे लागले, हे खेदाने नमूद करावे लागते.

या घटनांवरून दोन गोष्टी निघतात व त्या परस्परविरुद्ध दिशेने ओढतात. परवाना असूनही नाव असुरक्षित राहू शकते. आणि ज्यांनी प्राण वाचविले त्यांतील कित्येकांजवळ बचावकार्याचे प्रमाणपत्र नव्हते. परंतु म्हणून प्रमाणपत्रच निरर्थक, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्याला मिठी मारतो. त्याला नावेच्या कोणत्या बाजूने वर घ्यावे, पाण्यातून काढलेल्याचा श्वास कसा चालू करावा, जवळ जाताना पंखा केव्हा थांबवावा, या गोष्टी मासेमारीच्या अनुभवातून आपोआप येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात. तांडेलाचे पाण्याचे ज्ञान आणि बचावाचे तंत्र ही दोन भिन्न शास्त्रे आहेत.

हा भेद इंग्लंडमध्ये फार मोल देऊन उमगला. तेथील राष्ट्रीय जीवनौका संस्था १८२४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नावांवरील माणसे प्रायः स्वयंसेवक असतात. आरंभी ते मच्छीमारच असत, म्हणून पाण्याचे शिक्षण देण्याची गरज कोणाला वाटत नसे. १९ डिसेंबर १९८१ रोजी पेनली येथील जीवनौकेचे आठही जण वादळात गेले. त्या रात्री निघताना सुकाणूधाऱ्याने एकाच घरातील बाप व मुलगा या दोघांना नेण्याचे नाकारले होते. तो नियम त्याच्या स्वतःच्या विवेकाचा होता. पुढे मासेमारी आटली, किनाऱ्यावरची वस्ती बदलली आणि स्वयंसेवकांत शिक्षक, दुकानदार, कारकून येऊ लागले. संस्थेने २००४ मध्ये पूल येथे प्रशिक्षण विद्यालय उघडले. आज परीक्षा होते ती प्रत्यक्ष कृतीची, टप्प्याटप्प्याने, आणि बरीचशी त्या स्वयंसेवकाच्या स्वतःच्या बंदरात.

जूचंद्र-नायगाव परिसरही त्याच अवस्थांतरातून जात आहे. मिठागरांच्या जागी इमारती येत आहेत, खाडीकाठच्या कुटुंबांतील तरुण सकाळच्या लोकलने नोकरीला जातात आणि वल्हे हाती धरलेली पिढी म्हातारी होत आहे. उलट, पुराचा प्रसंग मात्र दूर गेलेला नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या आगगाडीतील प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने नावांतून काढले, आणि वसईच्या मिठागरांतही लोक पाण्याने वेढले गेले होते. दल येईपर्यंतचे तास स्थानिक माणसावरच पडतात. सागर रक्षक दलाच्या रूपाने किनाऱ्यावरील मच्छीमार स्वयंसेवकांची एक संघटना पोलिसांच्या साहाय्यास आहे. परंतु तिचा मूळ हेतू पहाऱ्याचा आहे, बचावाचा नव्हे.

एक बाजू मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. पात्रतेची अट घालणारा नियम त्या अटीच्या मोबदल्यात स्वयंसेवकाला काय देतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून मृत्यूच्या भरपाईचे गणित वेतनाच्या पटीत मांडण्याची रीत पडली. ज्याला वेतनच नाही त्याच्या विधवेसाठी गुणाकार कशाचा करावयाचा? रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले. खाडीत मदत करताना नाव उलटली तर तेवढ्याच स्पष्ट संरक्षणाची अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. विम्याविना आणि संरक्षणाविना केवळ परीक्षा लादली, तर सावध मनुष्य नाव बाहेर काढणार नाही, बेसावध काढील.

सुधारणेचा रोख त्यामुळे यंत्राच्या शक्तीवरून माणसांच्या संख्येकडे आणि विशिष्ट पाण्याकडे वळला पाहिजे. पाणजूची फेरी करणाऱ्याची परीक्षा पाणजूच्याच खाडीत, उधाणाच्या दिवशी व अंधारात घेता येईल. परीक्षकांत एक जुना तांडेल बसविता येईल. लेखी उत्तरांऐवजी तोंडी व प्रत्यक्ष चाचणी चालेल. दर दोन-तीन वर्षांनी पुनर्परीक्षा आणि दृष्टीची तपासणी मात्र टाळता कामा नये, कारण वृद्ध नावाड्याला थांबण्यास सांगणे गावातल्या कोणालाही जमत नाही. नावेवर रंगाने आखलेली भाररेषा, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, आणि संकटकाळी निघणाऱ्या नावेत किमान दोन प्रशिक्षित माणसे, या अटी वेतन असो वा नसो सारख्याच लागू व्हाव्यात. यंत्रविरहित नावांपुरते हे काम स्थानिक संस्थांकडे देण्याची तरतूद कायद्यात आहे. यांत्रिक नावेच्या बाबतीत राज्याला पुढाकार घ्यावा लागेल.

नियम करताना त्याच्या पर्यायाचाही हिशेब धरावा लागतो. नाव बंद राहिली म्हणजे पाणजूचा मनुष्य घरी बसत नाही. तो रेल्वेपुलाच्या कडेच्या अरुंद वाटेने चालू लागतो. धावत्या गाडीतून खाडीत टाकण्यासाठी फेकलेला नारळ लागून त्या वाटेवर एकाचा जीव गेल्याची घटना २०२५ मध्ये घडली.